सासरेबुवा फ्रिजवरून डावीकडे वळतात

...आणि वर मलाच विचारतात, "जावईबापू, माईकवर आवाज का हो कापत होता तुमचा?" का कापत होता! तुम्हाला सांगतो, स्वतःचा सासरा चार हजार माणसांसमोर, कापडाच्या विमानात, इंजिन बंद पडून आभाळात लटकतोय आणि त्याचं धावतं वर्णन आपल्याला करायचंय... मग आवाज कापणार नाही तर काय अंगाई म्हणणार?

हो हो, कापडाचं. हसू नका. मलाही आधी वाटलं होतं, नव्या जावयाची थट्टा चाललीय. पण खरंच लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, कापडावर रंग. वर पंख, खाली पंख, मधे नुसत्या तारा, म्हणजे कपडे वाळत घालायला काढावं आणि चुकून उडावं असा प्रकार! बसायला पुढेमागे दोन खड्डे, डोक्यावर छप्पर नाही. सुरू कसं करायचं? किल्ली नाही, बटण नाही. एका माणसाने समोर उभं राहून पुढचा पंखा हाताने फिरवायचा आणि लगेच मागे उडी मारायची. लगेच म्हणजे लगेच! आणि पोटाखाली कायम एक तेलाचा ट्रे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आपला सभ्यपणे म्हणालो, "बाबा, तेल गळतंय." तर म्हणतात, "गळतंय म्हणजे आत आहे. गळायचं थांबलं की मग काळजी करा." आणि मग छाती पुढे काढून ते वाक्य, जे मी गेली चौदा वर्षं ऐकतोय: "जुनं आहे, जावईबापू. म्हातारं नाही!"

विमानाचं वय ब्याऐंशी. सासरेबुवांचं चौऱ्याहत्तर. एकूण एकशे छप्पन वर्षं एकदम आकाशात, आणि खाली मी!

आता तुम्ही म्हणाल, माईक तुमच्या हातात आला कसा? तर मी बसस्थानकावर उद्घोषक. एकवीस वर्षं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," हा माझा आवाज. न आलेल्या गाड्यांविषयी आदराने बोलण्यात जन्म गेला माझा. आणि जुन्या विमानांच्या मंडळाला नेमका असाच माणूस हवा होता हो! कारण तिथे विमान उडतं आठ मिनिटं आणि सुरू व्हायला लागतो पाऊण तास. त्या पाऊण तासात कोणीतरी बोलायला नको? मंडळ म्हणजे तरी काय, बारा निवृत्त माणसं. एका स्क्रूला पितळी रंग की काळा यावर यांची तीन तास बैठक. दोघांनी त्या स्क्रूपायी सात वर्षं अबोला धरलाय. एक तास उडायचं असेल तर चाळीस तास दुरुस्ती, आणि ते चाळीस तास ही माणसं इतकी सुखात असतात की मला शंका येते, उडणं हे निमित्त आहे, घरातून चाळीस तास सुटका ही खरी गोष्ट!

पण आमचे सासरेबुवा घरातही सुटत नाहीत ना. त्याचं असं आहे, प्रदर्शनात उडणाऱ्या वैमानिकाला सगळ्या कसरती आधी जमिनीवर चालून पाठ कराव्या लागतात. हात असा आडवा धरायचा... हा हात म्हणजे विमान... आणि चालायचं, वळायचं, हात तिरका करायचा, तोंडाने वेग आणि उंची पुटपुटायची. जगातले भलेभले वैमानिक म्हणे असंच करतात, मैदानाच्या कडेला, रांगेने, वेड्यांच्या इस्पितळाला सुट्टी लागल्यासारखे. आमचे करतात स्वयंपाकघरात. रोज सकाळी सात वाजता!

हॉलच्या दारातून उड्डाण. फ्रिजवरून डावीकडे वळण. खिडकीपाशी हात वर, वर, वर, आणि तिथून घसरगुंडी. पुढे सिंक. सिंकवरून परत फ्रिज. ओट्याची कड म्हणजे प्रेक्षकांची रेषा, ती कधीही ओलांडायची नाही, प्रेक्षकांच्या डोक्यावरून विमान नेलं की परवाना रद्द. ओट्यापाशी प्रेक्षक कोण? आमची ही. हातात कालथा, डोळ्यांत अंगार. मी मधेच चहा घ्यायला शिरलो की ओरडतात, "जावईबापू, धावपट्टी!" अरे? माझं घर, माझा चहा, माझी धावपट्टी नाही? संस्कृतात जावयाला दहावा ग्रह म्हणतात म्हणे. ज्याने म्हटलं त्याचा सासरा उडत नसणार.

बरं, हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण आठवड्यातून तीनचार वेळा काय व्हायचं... सिंकपाशी आले की हे एकदम थांबायचे. पुटपुटणं बंद. हात हळूच खाली. मग फ्रिजकडे परत वळायचं सोडून उजवीकडे वळायचे, सरळ मागच्या दारापाशी जायचे आणि पायपुसण्यावर उभे. नुसते उभे! एक मिनिट, दोन मिनिटं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. हिच्या डोळ्यांत पाणी. "विसरले हो. अर्ध्यात विसरले. कुठे चालले होते तेच विसरले."

विसरतात हो ते. खोटं कशाला बोलू? गॅस बंद करायला विसरतात. माझा वाढदिवस विसरतात, तो एक चांगलाच विसरतात. सासूबाई गेल्या मागच्या वर्षी आणि हे आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून जास्तच. म्हणून ही घाबरलेली. आणि त्यातच यंदा परवान्याचं नूतनीकरण. परीक्षक येणार, प्रत्यक्ष प्रदर्शन बघणार आणि तिथल्या तिथे पास की नापास ठरवणार. आदल्या दिवशी हिने मला गच्चीवर गाठलं. "परीक्षक तुमच्या शेजारी बसणार ना? मग त्यांना ते सिंकचं सांगा." म्हटलं, "अगं, म्हणजे बाबांचं उडणं कायमचं बंद..." तर म्हणते, "आई गेली. बाबा तरी मला जमिनीवर हवेत." इकडे आड, तिकडे विहीर, आणि वरून विमान.

उजाडला तो दिवस. प्रमुख पाहुणे एक तास उशिरा. आले, छत्रीखाली बसले, पहिला प्रश्न: "हे खरंच उडतं?" मग भविष्याकडे कसं बघावं यावर पंचवीस मिनिटं भाषण, तेही ब्याऐंशी वर्षांच्या विमानाला पाठ करून. लोक ऊन खातायत. सगळ्यांच्या माना वर आणि मोबाईल त्याच्याही वर, म्हणजे आकाश कोणी बघतच नाही, सगळे आकाशाचं रेकॉर्डिंग बघतायत! माझ्या उजव्या हाताला परीक्षक. बारीक, टापटीप, मांडीवर कागद, हातात पेन, चेहऱ्यावर काही नाही. असा माणूस मी फक्त दाताच्या डॉक्टरकडे पाहिलाय.

सासरेबुवा चढले. चामड्याची टोपी, जाड चष्मा. पंखा फिरवला, नाही. फिरवला, नाही. मी आपला सवयीने, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, विमान थोड्याच वेळात..." लोक हसले. सहाव्यांदा भडभडभड करून धूर सोडला आणि सुटलं की हो! आणि काय सांगू, ते वर गेलं ना... मी एवढी चेष्टा करतो, पण ते गवतावरून हलकेच सुटतं आणि ऊन त्या पिवळ्या कापडातून आरपार दिसतं, तेव्हा मी हळूच हात जोडतोच. दर वर्षी जोडतो. हिला सांगू नका.

आता मला ती कसरत पाठ कुठून? स्वयंपाकघरातून! मैदानावर मला मैदान दिसतच नाही हो. मी चार हजार लोकांना खणखणीत आवाजात सांगतोय, "आणि आता विमान फ्रिजवरून डावीकडे वळेल!" चार हजार माणसं आकाशात फ्रिज शोधतायत. मी सावरायला गेलो, "म्हणजे खिडकीकडे..." संपलं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी माईक बंद केला आणि घाम पुसला.

तेवढ्यात परीक्षक माझ्याकडे झुकले. "तुम्ही जावई ना? घरी कसे असतात? विसरतात वगैरे?"

आला की नाही प्रश्न! वर बघितलं, ते खिडकीपाशी... म्हणजे खूप उंच... पाखरासारखे घसरत होते. खाली बघितलं, कुंपणापाशी ही उभी, डोळे माझ्यावर रोखलेले. आणि मी बोललो. सगळं बोललो. स्वयंपाकघर, हात, सिंक, पायपुसणं. "...सिंकपाशी विसरतात आणि मागच्या दाराला जाऊन उभे राहतात." बोलताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की शेवटचं वाक्य मी माझ्या बुटांनाच सांगितलं. परीक्षकांनी मान हलवली. पेन कागदाला टेकलं. एक ओळ लिहून झाली.

आणि इंजिन खोकलं.

एकदा. दोनदा. आणि बंद! तुम्हाला सांगतो, एवढी शांतता मी बसस्थानकावर पहाटेसुद्धा ऐकलेली नाही. फक्त त्या तारांमधून वाऱ्याची शिट्टी. लोकांना वाटलं कसरतीचाच भाग आहे, टाळ्या वाजवल्या मूर्खांनी! मी बघतोय, विमान कुठे आहे? मैदानाच्या टोकाला पाण्याची टाकी आहे, तिच्या बरोबर वर. म्हणजे... अहो म्हणजे सिंकपाशी!

नाक खाली गेलं. हळूच. अगदी तो हात जायचा तसंच. मग उजवीकडे, प्रेक्षकांपासून लांब... आणि माझ्या डोक्यात लख्खकन पेटलं. विसरत नव्हते हो! चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो माणूस आठवड्यातून तीनचार दिवस, आमच्या सिंकपाशी, इंजिन बंद पाडत होता. मुद्दाम! बंद पडलं तर कुठे वळायचं, कुठे टेकायचं, टेकल्यावर शांत कसं उभं राहायचं, याची तालीम करत होता, आणि आम्ही मागे उभे राहून डोळे पुसत होतो!

माईक कधी सुरू केला आठवत नाही. माझा आवाज ऐकू आला: "प्रेक्षकांनी कृपया घाबरू नये. विमान काही तांत्रिक कारणास्तव... मागच्या दाराने उतरत आहे. पायपुसण्यावर. एरवी सकाळी सात वाजता उतरतं, आज जरा उशिरा." हाच तो कापलेला आवाज. विमानाच्या शेडमागे गवताचा एक पट्टा आहे, तिथे ते दोनदा उसळलं, घरंगळलं आणि उभं राहिलं.

परीक्षकांनी कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "चांगल्या दिवसाची तालीम सगळेच करतात." आणि लिहिलेली ओळ खोडली. पट्टीने, हं! माणूसच तसा.

मी धावलो. पोट सांभाळत, धापा टाकत. सासरेबुवा खाली उतरून चाकापाशी बसले होते. म्हटलं, "बाबा, बरे आहात ना?" म्हणाले, "जुनं आहे, जावईबापू..." आणि थांबले. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य पुरं झालं नाही. तो उजवा हात, विमानाचा, अजून आडवाच होता. मी आपला धरून ठेवला.

तेवढ्यात ही आली, एका पायात चप्पल. "बाबा! हे सिंकचं आम्हाला सांगायला काय झालं होतं?" तर खाली मान घालून म्हणतात, "तुझ्या आईला माहीत होतं. तिकडच्या घरी मी सिंकपाशी आलो की ती हात पुसून बाजूला व्हायची, वाट द्यायची. म्हणाली होती, पोरीला सांगू नका, घाबरेल." त्यावर आमची ही जी रडली... मंडळातल्या त्या दोघांनीसुद्धा सात वर्षांनी एकमेकांशी बोलून पाणी आणलं.

परवाना? मिळाला ना! एक वर्षाचा. इंजिन? त्यात चाळीस तासांचं काम निघालं, बारा म्हातारे खुशीत.

आणि मी? मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर निदान स्वयंपाकघर तरी परत मिळेल. परवा सकाळी सात वाजता उठून चहाला गेलो, दारात पाऊल टाकतोय तोच ओट्याकडून आवाज आला. सासरेबुवांचा नाही, ते पायपुसण्याच्या वाटेवर होते. हिचा! सिंकपासून हात पुसत बाजूला झालेली, घड्याळ हातात, कालथा माझ्यावर रोखलेला: "तिथेच थांबा हो! बाबा अजून उतरले नाहीत."