डोंगर संपले की गाव

महाडच्या एस.टी. स्टँडवर गोदूबाई पोलादपूरच्या गाडीची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर वरच्या वाडीतलं एक म्हातारं जोडपं बसलेलं. मुंबईची नात पहिल्यांदाच गावी येणार, म्हणून दोघांचा जीव टांगणीला. गोदूबाईचे कान तिकडेच लागलेले.

"अवो, आपल्या मुरारीच्या मुंबैच्या खोलीत ते हॉलंडचं जुनं छापील चित्र हाय ना?"

"पवनचक्कीचं? साहेबानं दिलेलं. त्याचं काय?"

"त्यानं पोरीला सांगितलंन, ह्येच आपलं गाव. सुनेनं पत्रात लिवलंय."

"आणि ह्ये तू आता सांगतेस?"

"पोरीनं शाळेतपण सांगितलंन. आमच्याकडं जमीन सपाट, नदी भरलेली, गाई ह्या एवढाल्या."

"खोटं कशाला बोलला पण?"

"ती रोज इचारायची, गाव कसं दिसतं. आपल्या वाडीचं चित्र कोण काढतंय?"

"आता तिला काय दाखवायचं गो? नाचणीचा उतार नि कातळ?"



मुंबईची गाडी आली. फ्रॉकातली पोर उतरली आणि मान वर करून समोरचे डोंगर बघत राहिली.

"आजोबा, हे डोंगर संपले की आपलं गाव ना?"

म्हाताऱ्यानं तिची पिशवी खांद्याला लावली.

"व्हय गो बाय. संपले की आलंच."