लेओन्तीनच्या वाटणीचं सरपण

पावाची गाडी अजून चौकात आली नव्हती. रांगेत दोघं म्हातारे शेजारी उभे होते, लेओन्तीनबाई आणि फुल्बेर.

"फुल्बेर, गावच्या जंगलातली माझ्या घरच्या वाट्याची झाडं कुणी तोडली रे?"

"मला काय ठाऊक."

"नवरा गेला, आता सरपण तोडणार कोण, म्हणून वाटा सोडायला कचेरीत गेले. तर तिथली बाई म्हणते, तुमची झाडं तोडून ढीग रचूनही झालाय."

"मग घरी आणून वाळत टाक."

"टाकीन की. नाहीतर चूल थंडच राहिली असती माझी. पण आभार कुणाचे मानायचे?"

"कुणाचेच मानू नकोस. मानलेस की बिचाऱ्याला दरवर्षी तोडावं लागेल."

"म्हणजे पुढच्या वर्षी नाही तोडणार तो?"

"तसं कुठं म्हणालो मी?"

"आणि तू असा वाकडा का उभा आहेस?"

"थंडीनं."

"हं. भेटला तर सांग त्याला, या वयात ओकचं खोड एकट्यानं उचलू नये."

"वय कशाला काढतेस?"

"त्याचं काढतेय. आणि रविवारी सशाचं मटण करतेय, जेवायला ये म्हणावं."

"मोहरी घालून?"

"घालीन. त्याला चालेल ना?"

"चालेल," फुल्बेर म्हणाला, "चालेल त्याला."