कोरा फ्लॅश

आमचे आजोबा खानदेशातून इकडे इंदूरला आले, मिलमध्ये भरती चालू होती म्हणून, मग वडीलही तिथेच लागले, विव्हिंग खात्यात मागावर, आणि त्या घरातला पहिला बी.ए. मी. काय सांगू तुम्हाला, रिझल्ट लागला तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले, वडिलांनी खात्यात वाटले, आणि त्यानंतर दोन वर्षं मी नुसते अर्ज भरत बसलो. प्रत्येक अर्जाला फोटो लागायचा. बडा गणपतीजवळ एक स्टुडिओ होता, तिथे मी इतक्यांदा फोटो काढायला गेलो की तिथले उस्ताद एक दिवस म्हणाले, पंडितजी, नौकरी तो लगने से रही, इधर ही बैठ जाओ. बसलो. तो अजून बसलोय.

उस्तादांनी सगळं हातात धरून शिकवलं. डार्करूम म्हणजे मागची मोरीच, खिडकीला काळं कापड लावलेलं. रोल अंधारात बोटांनी चाचपून चढवायचा, आधी डेव्हलपर, मग चित्र पक्कं करायला हायपो, मग नळाखाली धुवत बसायचं, घाई केली की निगेटिव्हवर डाग. पहिल्यांदा निगेटिव्ह उजेडात धरली आणि तिच्यात माणसं दिसली, काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची, तेव्हा मला वाटलं की चला, बी.ए. वाया गेलं नाही. का वाटलं ते विचारू नका.

आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे कोरा फ्लॅश. एका रोलमध्ये फोटो बारा, आणि लग्नात माणसं तीनशे, आणि प्रत्येकाला वाटतं माझा फोटो निघाला पाहिजे. नवरदेवाचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, कोपऱ्यात रुसून बसलेत, त्यांना म्हणायचं, आइए फुफाजी, जरा मुस्कुराइए, आणि रोल संपलेला असला तरी बत्ती मारायची. फुफाजी खुश. पुढे अल्बममध्ये फोटो दिसला नाही तर म्हणायचं, आपने आँख झपका दी थी. सगळेच फोटोग्राफर करायचे, त्यात कुणाला काही वाटत नव्हतं, मलाही नाही.

मिलमध्ये एरवी कॅमेरा नेऊ देत नसत, पण दसऱ्याला मशिनींची पूजा असायची, त्या दिवशी चालायचं. त्या वर्षी मिल बंद होणार असंच सगळे बोलून राहिले होते. एक पाळी बंद झालीच होती. वडील म्हणाले, मधू, या खेपेला सगळ्यांचे काढ, ज्याचा त्याचा आपापल्या मागाजवळ, पुढच्या दसऱ्याचं काही खरं नाही. मी दोन रोल घेऊन गेलो. चोवीस फोटो झाले, आणि मग मोरेकाका आले.

मोरेकाका म्हणजे वडिलांचे जोडीदार, शेजारच्या मागावर तीस वर्षं. कॉलेजचा माझा पहिला फॉर्म भरायला मला सायकलवर डबलसीट त्यांनी नेलं होतं, वडिलांना पाळी सोडता येईना म्हणून. ते इतका वेळ सगळ्यांना प्रसाद वाटत होते, म्हणून शेवटी आले. हात पुसले, केस नीट केले आणि आपल्या मागावर हात ठेवून उभे राहिले, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. रोल संपला होता. तेव्हाच सांगायचं ना की काका, संपला? पण सवय अशी वाईट, तोंडातून निघालं, काका, मान जरा वर, आणि मी बत्ती मारली.

महिनाभरात गेटला कुलूप लागलं.

मग काका दुकानात यायला लागले. सायकल लावायची, बाकावर बसायचं, मधू, आला का? मी म्हणायचो, काका, धुतोय. पुढच्या खेपेला म्हणायचो, कागद संपलाय. ते म्हणायचे, सावकाश कर, मला आता कुठे पाळीवर जायचंय. रागावले असते तर बरं झालं असतं. एकदा मी त्यांच्या घरी गेलो तर भिंतीवर रिकामी फ्रेम लटकलेली, कृष्णपुऱ्यातल्या दुकानातून काच लावून आणलेली, आणि काकू म्हणाल्या, तुझ्याच फोटोची वाट बघतेय.

त्या फ्रेमने माझी झोप गेली. पण खरं बोलायची हिंमत झाली नाही, मी कारागिरी केली. आधीच्या एका दसऱ्याच्या ग्रुप फोटोतून काकांना ब्लेडने कापलं, कडा मागून घासून पातळ केल्या, त्याच खात्यातल्या देवीलालभियांचा मागाजवळचा फोटो होता त्याच्यावर देवीलालच्या जागी काकांना चिकटवलं, ब्रशने सांधे भरले आणि त्याचा पुन्हा फोटो काढला. उस्ताद असते तर पाठ थोपटली असती.

काकांनी फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, मधू, मला पाय किती? मी म्हटलं, काय काका, दोन. मग ही तिसरी चप्पल कुणाची? बघतो तर खरंच, त्यांच्या मागून एका चपलेचं टोक निघालेलं. ते म्हणाले, आणि मागावरचा चौकडीचा गमछा देवीलालचा, माग देवीलालचा. देवीलाल कुठे गेला?

मग मी सगळं सांगितलं. रोल संपला होता ते, कोरा फ्लॅश म्हणजे काय ते, फुफाजींचं, सगळं. ते ऐकून म्हणाले, म्हणजे मी फुफाजी झालो. माझा फोटो नाही निघाला, ठीक आहे. पण मला उभं करायला तू त्याला काढलंस? मिलने काढलं तेवढं बस नव्हतं? फोटो काउंटरवर ठेवला आणि सायकल काढून गेले.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. मी मिलच्या ऑफिसात खेटे घालायला लागलो, आत जायची परवानगी द्या म्हणून. तिथला बाबू म्हणायचा, मशीनें बिक गईं भिया, ट्रक भर-भर के जा रही हैं, खाली पड़े शेड में क्या खींचोगे? पण माझ्याकडे बघून त्यालाच कंटाळा आला असेल, शेवटी सही दिली, एका सकाळपुरती. मी काकांकडे गेलो. म्हटलं, काका, माग बहुतेक राहिला नसेल, पण चला. काकूंनीच इस्त्रीचा शर्ट आणून हातात दिला.

माग नव्हताच. एवढा मोठा शेड, नुसती जमीन आणि बोल्टांची भोकं. कबुतरं. ज्या शेडमध्ये कानात ओरडावं लागायचं तिथे आमच्या चपला वाजत होत्या. काकांनी खिडकीपासून खांब मोजले, चार पावलं आत आले आणि थांबले. हे माझं. मी कॅमेरा वर केला तर हात पुढे करून म्हणाले, थांब. आधी रोल दाखव.

मी त्यांच्यासमोर रोलचा कागद फाडला, त्यांच्यासमोर चढवला, चावी फिरवून मागच्या लाल काचेत एक नंबर दाखवला. त्यांनी वाकून बघितला. मग जाऊन उभे राहिले, उजवा हात आपोआप मागाच्या उंचीला गेला, तिथे काही नव्हतं, तो त्यांनी खाली घेतला. मान जरा वर म्हणायची मला गरज पडली नाही. बाराच्या बारा त्यांचेच काढले. त्या दिवसापासून कोरा फ्लॅश मी मारला नाही. लग्नात लोक रुसले तर रुसले.

आता रोल कुठे राहिले. काका जाऊनही बरीच वर्षं झाली. मी स्कॅनर घेतलाय, लोक घरातल्या जुन्या निगेटिव्ह आणतात, मी साफ करून पेनड्राइव्हवर देतो, डोळे चालतात तोवर चालेल. मागच्या महिन्यात काकांची मुलगी सुनंदा आली, ती महूला शाळेत शिकवते, म्हणाली, दादा, बाबांचा तो फोटो मोठा करून द्या, घरातल्याला बुरशी लागली. मी निगेटिव्ह लावली. स्क्रीनवर मोठं झालं तेव्हा मलाही पहिल्यांदा दिसलं, काकांच्या पायाशी जमिनीवर मोठा काळा डाग, लांबट, चौकोनी. सुनंदा म्हणाली, दादा, ये धब्बा हटा दो ना, कॉम्प्युटरवर होतं ना ते? होतं, एक बटण दाबलं की होतं. मी म्हटलं, बाई, हे तेल आहे. तीस वर्षं मागाचं तेल इथे गळत होतं.

ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, अजून मोठं करा.

तसंच छापून दिलं. चांगली मुलगी आहे, देव तिला सुखात ठेवो.