मोडलेली तिसरी पिन

नाही नाही, टीव्हीला हात लावू नका, त्याची काळजी मी घेतलीय — सर्ज प्रोटेक्टर बसवलाय, फ्रिजला स्टॅबिलायझर आहे. मागे व्होल्टेज वाढलं तेव्हा अख्ख्या गल्लीतले टीव्ही जळाले, माझ्या टीव्हीच्या केसालाही धक्का नाही. तुम्ही हे वॉशिंग मशीन बघा आणि बायकोला एकदा सांगून टाका की अर्थिंग ठीक आहे. आत आहे ती. रोज एकच रड — पत्र्याला हात लावला की झटका बसतो. मग मला कसा बसत नाही? मशीन चालू असताना दोन्ही हात ठेवून दाखवले तिला. काय? हो, चप्पल होती की पायात, रबरी, मला फरशी गार लागते. ती अनवाणी. घरात चप्पल चालत नाही मला — म्हणजे तिची. डाग पडतात.

प्लग काढून काय बघताय? ती तिसरी पिन मीच मोडली, पक्कडीने. बोर्डाला दोनच भोकं, मग काय मशीन डोक्यावर घेऊन नाचू? अर्थिंगची तीच होती? असेल. चालतंय ना मशीन? लावा, लावा परत... हा टेस्टर पत्र्यावर का पेटला? बिघडलाय तुमचा टेस्टर. असं बघू नका माझ्याकडे. तिनेही आज सकाळी असंच बघितलं. म्हणाली, मी नाही हात लावणार, तुमचे कपडे तुम्ही धुवा. तोंडावर, सरळ. डोकं फिरलं माझं, कुणाचंही फिरेल — एक ठेवून दिली, मनगट धरलं आणि हात दाबून धरला पत्र्यावर. म्हटलं, दाखव कुठे बसतो झटका. खाली पाणी सांडलेलं, त्यात उभी ती. किंचाळायला लागली, म्हटलं किंचाळ, मला तर काहीच होत नाहीये, तुलाच कसं होतं? मग थांबली. मला वाटलं, आली ताळ्यावर.

झोपलीय. मीच उचलून गादीवर ठेवली. नाही, अजून उठली नाही — रुसली की बोलत नाही ती, सवय आहे तिची. हात जरा काळा पडलाय, एवढंच. ओ, तिकडे कुठे? त्या खोलीत विजेचं काही नाही. तुम्ही वायरमन आहात, डॉक्टर नाही. दार सोडा. सोडा म्हणतो ना — आणि तो फोन खिशात ठेवा, पिशवी उचला, निघा इथून.