तुळई धड हाय, असं मी बोललो

लिहा मास्तर. नाव इनास, धंदा सुतारकी. बाप सुतार, आजा सुतार, आणि परळच्या मागं शिवडीच्या खाजणाकडं जाताना आमची वाडी लागते, जन्म तिथलाच. लागते म्हणायचं आपलं, तुमाला दिसायची नाय, भोवती गिरणीची भिंत आलीय. आमच्या लहानपणी पार लालबागेपर्यंत भातशेतं व्हती आणि शेतांच्या मधी आमचं देऊळ. आमी किरिस्तांव, पण देवळाला देऊळच म्हणतो. भिंती फिरंग्यांच्या वेळच्या, छप्पर माझ्या आज्यानं घातलेलं. कोळणी पाटी बाहेर उतरवून मेणबत्ती लावून जायच्या, त्यांचा देव वेगळा, पण मेणबत्तीला कोण नको म्हणतं.

माझं लगीन त्याच देवळात झालं, मारीशी. मारी जिभेची तिखट, काय सांगू तुमाला, मी रंधा मारताना गायला लागलो की म्हणायची, लाकूड आधीच सोलून निघतंय, त्यात तुमी गाता कशाला. एक पोरगी झाली, रोझी, ती लगीन होऊन माहीमला गेली. मग गेल्या साली गाठीचा ताप आला, आणि तीन दिवसांत मारी गेली. खांदा द्यायला माणूस मिळेना. पेटी मीच केली, फळी मीच तासली. देवळाच्या पाठच्या दरवाजाजवळ तिला पुरली. मी रोज तिथं जाऊन बसतो. दुसरीकडं कुठं मना बरं वाटत नाय.

आता वाडीत उरलंय कोण. शेतं गेली तशी घरं गेली, आणि जी राहिली व्हती ती तापाला भिऊन पळाली. शहरातून मोठे पादरी आले, देवळाभोवती फिरले, भिंतीवर हात फिरवला, म्हणाले हे म्हातारं झालं, उतरवू. रविवारची मिस्सा-प्रार्थना दादरला ऐका. घंटा, कौलं, मूर्ती तिकडं नेऊ, आणि जागा गिरणीवाला मागतोच हाय कोळसा टाकायला. मी विचारलं, आणि पुरलेल्या माणसांचं काय. म्हणाले, हाडं काढून सगळी एका खड्ड्यात नीट ठेवू, प्रार्थना करून. सगळी एका खड्ड्यात, मास्तर. मग मारी कुठली आणि दुसरं कोण कुठलं, मी कुणापाशी बसायचं.

तवा आमचे वाडीचे पादरी मधी पडले. म्हणाले, छप्पर धड असेल तर राहू द्या, नसेल तर खुशाल उतरवा. आणि छप्पर इनास बघेल, त्याच्यापरीस जाणता कोण हाय. मोठे पादरी म्हणाले, बरं, त्याचा शब्द शेवटचा.

शिडी लावली. मधली मोठी तुळई सागवानाची, सगळं वजन तिच्यावर. मोगरीनं ठोकत गेलो, मधोमध खणखणीत वाजली. भिंतीत शिरते त्या टोकाला आलो आणि आवाज बोदा आला. गिरमिट लावलं. धड लाकडाचा भुसा कोरडा निघतो, इथं दोन फेऱ्यांत गिरमिट सरकन आत गेलं आणि माती आली, वाळवीची ओली माती. वरून रंग तसाच, आत काय नाय. खाली सगळे मान वर करून उभे. मी भोक खुंटीनं बुजवलं, माती खिशात घातली आणि वरनंच बोललो, तुळई धड हाय. खाली उतरलो तर लोक माझे हात धरायला लागले. मना त्यांच्याकडं बघवेना.

टेकू लावायचं मनात आलं व्हतं. पण धड तुळईला टेकू कोण लावतं.

आणि बघा कसं झालं, ज्या देवळात दहा माणसं येत नव्हती तिथं आता पाय ठेवायला जागा नाय. ताप पुन्हा वाढला तसे पळालेले परत आले, म्हणतात मरायचंच तर आपल्या देवाजवळ. गिरणीतले कोकणातले लोक पण दाराशी हात जोडून उभे असतात. दर रविवारी सगळ्यांच्या आधी मी जातो, छपरातनं मरून पडलेले उंदीर उचलतो आणि टोकाखाली पडलेली माती पुसून काढतो. आधी चिमूटभर पडायची, आता ओंजळ भरते. मिस्सा चालते तवा मी त्या टोकाखालीच उभा राहतो, जसा काय मीच धरून ठेवणार हाय. सगळे एका सुरात गायला लागले की वरनं करकर ऐकू येते. शेजारच्याला विचारलं, तो म्हणाला गिरणीचा आवाज.

शेवटी राहवेना, कुमसाराला गेलो. कुमसार म्हणजे जाळीपलीकडं पादरी बसतात आणि आपण गुडघ्यावर बसून पाप सांगायचं. मी सगळं सांगितलं. मना वाटलं, सुटलो, आता पादरी उद्याच दार बंद करतील आणि माझं नाव पण निघायचं नाय. एवढा मी शहाणा. आमच्या पादरींनी जाळीजवळ तोंड आणलं. मग म्हणाले, इनास, हे तू इथं का सांगितलंस रे. इथं ऐकलेलं मना मेलो तरी बोलता येत नाय, त्यावर काही करता पण येत नाय. तू माझ्या व्हरांड्यात ये, हेच तिथं सांग, मी त्याच घडीला कुलूप घालतो. मी हो म्हणालो. तीनदा व्हरांड्यापर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. तिथनं पाठचा दरवाजा दिसतो.

आता पादरी मिस्सा करताना सारखे वर बघतात. लोकांना वाटतं देवाकडं बघतात.

परवा रोझी आली, कडेवर महिन्याची पोर. नाव मारीच ठेवणार, येत्या रविवारी बाप्तिस्मा. मी म्हटलं, दादरला कर, इथं गर्दी, इथं ताप. म्हणाली, नाय बाबा, आयशेजारीच करायचा. बाप्तिस्म्याचं दगडी भांडं कुठं हाय माहिताय, बरोबर त्या टोकाखाली. मी म्हटलं, देऊळ जुनं झालंय गं. तर हसली, म्हणाली, तुळई तुमीच बघितलीत ना, मग भीती कसली.

म्हणून तुमाला बोलावलं, मास्तर. नायतर माझ्यासारख्याची जन्मकथा कोण लिहून घेतं. तुमी काय पादरी नाय आणि हे कुमसार नाय. आज शुक्रवार. हा कागद घ्या, खाली मी अंगठा देतो, आणि असेच व्हरांड्यात जाऊन पादरींना वाचून दाखवा, मोठ्यानं वाचा, दोन माणसं ऐकत असतील तर आणखी बरं. ते कुलूप लावतील. गिरणीवाल्याची माणसं कुदळी घेऊन येतील, ते पण मना ठाऊक हाय. देव तुमचं आणि तुमच्या लेकरांचं भलं करो. जा तुमी, थांबू नका. मी पाठच्या दरवाजाशी जातो. मारीला मीच सांगायला पायजे.