दोन वाट्या खीर

लखनऊ छावणीतल्या इस्पितळात साखर तपासायला रक्त देऊन नीला रिपोर्टची वाट बघत बसली होती, तेवढ्यात मागच्या बाकावरून अस्सल मराठी कानावर आलं. एक निवृत्त सुभेदार आणि त्यांचा जुना हवालदार यांची आखाती युद्धावरून जुंपली होती. मान वळवली तर गप्प बसतील, म्हणून ती समोरच बघत राहिली.

“अमेरिकेनं दीड महिन्यात आटोपलं, ईश्वर. ताकद म्हणतात ती ही.”

“विमानं मोठी आहेत, साहेब. पण त्यांचा नेता कसा, ते विमानावरून कसं कळणार?”

“मग कशावरून कळतं?”

“लंगरवरून. तिथं शिजलेलं जवानांचं जेवण आधी स्वतः चाखतो का, ते बघायचं.”

“मी रोज चाखायचो.”

“तुम्ही खिरीच्या दोन वाट्या चाखायचात.”

“अरे यार, बिघडते ती खीरच.”

“हाँ, म्हणून आज इथे बसलात.”

चहावाल्यानं दोन कप पुढे केले. सुभेदारांच्या आधी हवालदारानं त्यांचा कप उचलल्याचं नीलाला समोरच्या काचेत दिसलं. त्यानं एक घोट घेतला.

“भैया, ये मीठी है. फीकी लाओ.”

दुसरा कप आला. त्यानं तोही चाखला.

“आता घ्या, साहेब.”