सापाचं वय किती लिहायचं?

स्टॅनमोरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात मांजर घेऊन बसलेल्या लीलावतीबाईंच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं येत होतं.

“मायरा, डब्यातला हा साप चाळीस वर्षं जगेल! परत देऊन टाकू.”

“कोण म्हणतं?”

“इंटरनेटवर एकानं लिहिलंय. त्याचा जगला.”

“अंड्यातून निघताना त्यानं पाहिला होता?”

“नाही. मोठा झालेलाच विकत घेतला होता.”

“मग आधीची वर्षं त्यानं अंदाजानंच धरली ना, बाबा?”

“बरं, वीस धर. तू युनिव्हर्सिटीत गेलीस की कोण सांभाळणार?”

“मीच. बरोबर नेईन.”

“हट्टी कुठली! फॉर्म भरू दे. वय, दोन वर्षं.”

“दुकानदाराचं ऐकून नको लिहूस. ‘माहीत नाही’ लिही.”

“लिहिलं. मालकाचं नाव?”

“माझं.”

“नक्की?”

“नक्की.”

“हे बघ, लिहिलं तुझं. आता तो जगेल तितकी वर्षं तूच निस्तर.”